जपानमध्ये शिकायला जाताना घर आणि खर्च: कोणते काम आधी, कोणते नंतर

दर वर्षी मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत पुणे, मुंबई, नाशिककडच्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे मला फोन येतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "महिन्याला भाडे किती पडेल?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जपानमध्ये विद्यार्थ्याचे अंदाजपत्रक कोलमडते ते मासिक भाड्यामुळे क्वचितच. करारावर सही करताना एकरकमी भरावी लागणारी रक्कम आधी मोजलेली नसते आणि कामांचा क्रम चुकलेला असतो, म्हणून ते कोलमडते. घरासाठी फोन क्रमांक लागतो, फोनच्या करारासाठी अनेकदा बँक खाते लागते, बँक खात्यासाठी पत्ता लागतो आणि पत्त्यासाठी घर लागते. हे वर्तुळ कुठे तोडायचे ते निघण्यापूर्वी ठरलेले असले, तर पुढची कामे सुरळीत होतात.

माझा सल्ला एका वाक्यात सांगतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांची जागा आणि कायमचे घर या दोन वेगळ्या गोष्टी धराव्यात, आणि भारतात बसून दोन वर्षांच्या भाडेकरारावर सही करू नये. पुढचे सगळे टप्पे या सल्ल्यावर उभे आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी 10,000 येन म्हणजे अंदाजे 6,000 रुपये धरले आहेत, पण निघताना त्या दिवसाचा दर पाहून आकडे पुन्हा मांडावेत.

## टप्पा 1: आकडेमोड (निघण्यापूर्वी चार-पाच महिने)

आपल्याकडे "डिपॉझिट" म्हटले की घर सोडताना परत मिळणारी रक्कम डोळ्यांसमोर येते. जपानमध्ये सुरुवातीला भरायच्या रकमेतला मोठा भाग कधीच परत मिळत नाही, म्हणून पुढचे शब्द पाठच करावेत.

- शिकिकिन: अनामत. घर सोडताना साफसफाई व दुरुस्तीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम परत मिळते. साधारण एक महिन्याचे भाडे.
- रेइकिन: घरमालकाला कृतज्ञता म्हणून द्यायची रक्कम. ही परत मिळत नाही. कुठे एक महिन्याचे भाडे, कुठे काहीच नाही.
- च्यूकाइ तेसूर्यो: एजंटची दलाली. राहण्याच्या घरासाठी कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा एक महिन्याचे भाडे आणि त्यावर 10 टक्के कर अशी आहे.
- होशो गाइश्या: तुमच्या वतीने हमी देणारी कंपनी. सुरुवातीला भाड्याच्या निम्म्यापासून पूर्ण महिन्याच्या भाड्यापर्यंत शुल्क घेते, आणि पुढे बहुधा दरवर्षी थोडे नूतनीकरण शुल्कही.
- काजी होकेन: आगीचा विमा, बहुतेक वेळा दोन वर्षांचा.
- कागी कोकानदाई: कुलूप बदलण्याचा खर्च.
- कानरिही: देखभाल खर्च. जाहिरातीत भाड्याच्या शेजारी लहान अक्षरांत छापलेला असतो आणि दर महिन्याला भरावा लागतो.

एक उदाहरण मांडून पाहू. भाडे 50,000 येन, देखभाल 3,000 येन आणि महिन्याच्या मध्यावर ताबा असे धरले, तर शिकिकिन 50,000, रेइकिन 50,000, दलाली 55,000, चालू महिन्याच्या उरलेल्या दिवसांचे भाडे 26,500, पुढच्या महिन्याचे आगाऊ भाडे 53,000, हमी कंपनी 26,500, विमा 18,000 आणि कुलूप 16,500 येन. बेरीज 2,95,500 येन होते, म्हणजे सुमारे 1,77,000 रुपये. "भाडे तीस हजार रुपये" असे घरी सांगून निघालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात जवळजवळ सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मोजावी लागते, आणि त्यातले फक्त 50,000 येन परत मिळण्याची शक्यता असते.

खोली रिकामी मिळते, हा खर्च वेगळाच. फ्रिज, धुलाई यंत्र, पडदे, अंथरूण आणि बऱ्याच ठिकाणी गॅसची शेगडी व छतावरचा दिवाही नसतो. जुन्या वस्तू घेतल्या तरी 40,000 ते 70,000 येन बाजूला ठेवावे लागतात.

मासिक खर्चाचा अंदाज शहरानुसार खूप बदलतो. तोक्योच्या 23 वॉर्डांत एका माणसाची स्वतंत्र खोली साधारण 70,000 येनच्या पुढे जाते. हाचिओजीसारख्या पश्चिमेकडच्या उपनगरात किंवा ओकायामा, फुकुओका अशा शहरांत 35,000 ते 50,000 येनमध्ये बरी खोली मिळू शकते. शिक्षणशुल्क सोडून तोक्योत काटकसरीने राहणाऱ्यालाही महिन्याला 1,10,000 ते 1,30,000 येन आणि लहान शहरात 80,000 ते 95,000 येन लागतील असे धरून चालावे. राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाण शुल्क वर्षाला 5,35,800 येन आणि प्रवेश शुल्क 2,82,000 येन आहे, पण काही विद्यापीठांनी ते वाढवले आहे: तोक्यो विद्यापीठाने एप्रिल 2025 पासून नव्या पदवी विद्यार्थ्यांसाठी ते वर्षाला 6,42,960 येन केले. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

सावधान: अर्धवेळ कामाची कमाई पहिल्या सहा महिन्यांच्या हिशेबात धरू नये. काम मिळायला वेळ लागतो, पहिला पगार त्यानंतर बहुधा महिन्याने येतो, आणि जपानी भाषा कच्ची असेल तर निवड फार थोडी उरते.

तपासा: सहा महिन्यांचा मासिक खर्च, घराची एकरकमी रक्कम, सामानाचा खर्च आणि आजारपण किंवा अचानक परतीच्या तिकिटासाठी राखीव रक्कम असे चार आकडे वेगवेगळे लिहिले आहेत का? एकाच बेरजेत मिसळले की राखीव रक्कम सर्वात आधी संपते.

## टप्पा 2: पहिली जागा भारतातूनच ठरवणे

पर्याय बरेच आहेत, पण ते सगळे एकाच वेळी आणि सगळ्यांना उपलब्ध नसतात.

विद्यापीठाचे वसतिगृह (र्यो). उपलब्ध असेल तर दुसरा विचार करू नये. भाडे कमी, हमीची कटकट नाही आणि सामान बहुतांशी असते. अडचण दोन गोष्टींची आहे. अर्जाची मुदत प्रवेशपत्राबरोबर आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी लिहिलेली असते आणि ती फार लवकर संपते. शिवाय बऱ्याच ठिकाणी राहण्याची मर्यादा सहा महिने किंवा एक वर्ष असते. प्रवेश निश्चित झाल्याचा ईमेल आला त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला वसतिगृहाच्या मुदतीबद्दल लिहावे.

खासगी विद्यार्थी निवास (गाकुसेई काइकान). सकाळ-संध्याकाळच्या जेवणासह मिळते, म्हणून महाग वाटते. शाकाहारी विद्यार्थ्याने येथे विशेष जपावे. जेवणाचे पैसे ठरलेल्या रकमेत धरलेले असतात आणि जपानी स्वयंपाकात माशाच्या अर्काचे पाणी, म्हणजे दाशी, सूपपासून भाजीपर्यंत जवळपास सगळीकडे असते. जे खाता येणार नाही त्याचे पैसे दर महिन्याला भरावे लागतील.

शेअर हाउस. स्वतःची छोटी खोली; स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि धुलाई यंत्र सामाईक. रेइकिन व दलाली बहुधा नसते, सामान असते, आणि वीज-पाणी-इंटरनेट ठरावीक रकमेत मोजलेले असते. ज्यांना वसतिगृह मिळाले नाही त्यांच्यासाठी पहिल्या काही महिन्यांना हा सर्वात सुरक्षित पर्याय आहे. करार बहुधा ठरावीक मुदतीचा (तेइकी श्याकुया) असतो. मुदत संपल्यावर तो आपोआप वाढत नाही, ही गोष्ट सही करतानाच कॅलेंडरमध्ये नोंदवावी.

यूआरची घरे. ही सार्वजनिक संस्थेची भाड्याची घरे आहेत. रेइकिन, दलाली, नूतनीकरण शुल्क आणि हमीदार यांपैकी काहीच लागत नाही. अनामत मात्र दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. उत्पन्नाची किंवा बचतीची अट असते, आणि ती पूर्ण होत नसेल तर ठरावीक काळाचे भाडे एकरकमी आगाऊ भरण्याचीही सोय आहे. दोन मित्र किंवा भावंडे मिळून राहणार असतील तर कायमचे घर म्हणून याची चौकशी अवश्य करावी. मात्र जपानमध्ये पोहोचण्यापूर्वी हे सहसा जमत नाही.

ओळखीच्या माणसाच्या खोलीत राहणे. याबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे ही रीत अगदी साधी आहे. पुण्यात एका खोलीत तिघे-चौघे राहून भाडे वाटून घेतात आणि घरमालकाला त्याचे फारसे काही वाटत नाही. जपानमध्ये करारात ज्यांची नावे आहेत तेच राहू शकतात. मालकाला न विचारता दुसऱ्याला ठेवणे हा करारभंग आहे. तसे झाले तर करार रद्द होऊ शकतो आणि ज्याने प्रेमाने आसरा दिला तोच बेघर होतो. दोन-चार रात्री पाहुणा म्हणून राहणे वेगळे. पत्ता तेथे नोंदवून राहायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी.

सावधान: केवळ छायाचित्रे पाहून, कोणा अनोळखी माणसाच्या वैयक्तिक खात्यात "खोली अडकवण्यासाठी" पैसे पाठवू नयेत. संस्थेच्या नावाचे खाते, पत्ता आणि कराराचा मसुदा या तिन्ही गोष्टी हातात असल्याशिवाय एक येनही पाठवू नये.

## टप्पा 3: कागद आणि पैसे (निघण्यापूर्वी एक महिना)

पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे व्हिसासाठी लागणारे जपानी इमिग्रेशनचे सीओई, सर्वसाधारणपणे तीन महिनेच वैध असते. ते आल्यावर व्हिसा, तिकीट आणि खोलीची तारीख या क्रमाने कामे करावीत. खोलीचा ताबा आणि विमान उतरण्याची तारीख यांत रात्र रिकामी राहणार असेल तर तेवढ्या रात्रीची सोय आधीच करावी.

सोबत ठेवायचे कागद: प्रवेशपत्र, सीओई, पासपोर्ट, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, बँकेतील शिलकीचे किंवा शिष्यवृत्तीचे पत्र, आणि आई-वडिलांची नावे, पत्ता व फोन क्रमांक काताकाना लिपीत (परदेशी नावांसाठीची जपानी लिपी) लिहिलेला एक कागद. हा शेवटचा कागद कोणी सांगत नाही. पण जवळजवळ प्रत्येक अर्जात नावाचा काताकाना उच्चार विचारतात, आणि दर वेळी वेगळा लिहिला तर बँकेत आणि हमी कंपनीत अर्ज अडकतो. आपल्या नावाचे एकच काताकाना रूप ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच वापरावे. देशपांडे, क्षीरसागर अशा आडनावांची दोन-तीन रूपे सहज होतात.

पहिल्या महिन्यासाठी 1,50,000 ते 2,00,000 येन रोख किंवा फॉरेक्स कार्डावर ठेवावेत. 10 लाख येनपेक्षा जास्त रोख नेत असाल तर सीमाशुल्क खात्याला सांगावे लागते. मोठी रक्कम पाठवताना टीसीएस (बँक आधीच गोळा करते तो कर) किती कापला जाईल आणि शैक्षणिक कर्जाच्या रकमेला कोणता नियम लागू आहे, हे तुमच्या बँकेत आधीच विचारावे.

## टप्पा 4: पहिले चौदा दिवस

येथे क्रम बदलू नये.

1. विमानतळावर निवास कार्ड (झाइर्यू कार्ड) मिळते. नारिता, हानेदा, चुबू, कान्साई, फुकुओका अशा मोठ्या विमानतळांवर ते उतरल्यावरच दिले जाते. अर्धवेळ कामाची परवानगी (शिकाकुगाइ कात्सुदो क्योका) तेथेच मागावी. अर्ज आधीच भरून हातात ठेवला तर पाच मिनिटांचे काम आहे. नंतर इमिग्रेशन कार्यालयात जायचे तर अख्खा दिवस जातो.
2. वॉर्ड किंवा शहर कार्यालयात पत्ता नोंदवणे. राहायला आल्यापासून 14 दिवसांत. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळतो. पुढची जवळपास प्रत्येक गोष्ट या छापील ओळीवर अवलंबून आहे.
3. राष्ट्रीय आरोग्य विमा. त्याच इमारतीत, दुसऱ्या खिडकीवर. दवाखान्याच्या खर्चातले 30 टक्के तुम्ही भरता. आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला हप्ता बराच कमी होतो, अनेक ठिकाणी महिन्याला 2,000 येनच्या आसपास. पण त्यासाठी उत्पन्न नाही असे जाहीर करावे लागते.
4. राष्ट्रीय निवृत्तिवेतन. वय 20 पूर्ण असेल तर नोंदणी सक्तीची आहे आणि 2025-26 मध्ये महिन्याचा हप्ता 17,510 येन होता. विद्यार्थ्यांसाठी हप्ता पुढे ढकलण्याची सवलत (गाकुसेई नोफु तोकुरेई) आहे, पण तिच्यासाठी अर्ज करावा लागतो. सवलत सर्वच भाषाशाळांना लागू नसते. तसे असेल तर उत्पन्नाच्या आधारे सूट मागण्याचा वेगळा अर्ज असतो.
5. फोन क्रमांक. बिल सुविधा दुकानात (कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये) रोखीने भरता येईल असा, परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा क्रमांक घ्यावा. वर्तुळ येथे तुटते.
6. बँक खाते. येऊन सहा महिने झाले नसतील तर अनेक बँका तुम्हाला अनिवासी धरतात आणि पैसे पाठवण्या-स्वीकारण्यावर मर्यादा घालतात. म्हणून खाते लवकर उघडावे, पण मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी मर्यादा विचारून घ्यावी. शाळा ज्या बँकेत विद्यार्थ्यांना नेते, तेथेच जाणे सोयीचे.

सावधान: निवृत्तिवेतनाचे पत्र जपानी भाषेत येते आणि जाहिरात समजून केराच्या टोपलीत जाते. माझ्याकडून हेच झाले. सात महिन्यांनी थकबाकीची सूचना आली, तेव्हा सवलतीचा अर्ज मागील महिन्यांसाठी करताना तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या सहा महिन्यांत आलेले प्रत्येक पाकीट उघडून शाळेच्या कार्यालयात दाखवावे.

## टप्पा 5: कायमचे घर शोधणे

तीन-चार महिन्यांनी कोणत्या स्टेशनवरून कॉलेजला जायला किती वेळ लागतो, काम कुठे मिळते, कोणता बाजार स्वस्त आहे हे तुम्हाला पायांनी माहीत झालेले असते. तेव्हा शोध सुरू करावा. फेब्रुवारी-मार्च हा गर्दीचा हंगाम: एप्रिलमध्ये शिक्षण आणि नोकऱ्या सुरू होतात म्हणून घरे दिवसांत जातात, भाडे कमी होत नाही आणि सामान हलवण्याचे दरही चढतात. मे ते ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे महिने भाडेकरूच्या बाजूचे असतात. रेइकिन कमी करा किंवा पहिल्या महिन्याचे भाडे माफ करा असे तेव्हा नम्रपणे विचारता येते.

जाहिरात वाचताना पाच गोष्टी नीट समजून घ्याव्यात. "वन-के" म्हणजे एक खोली आणि वेगळे छोटे स्वयंपाकघर. "वन-आर" म्हणजे स्वयंपाकाचा ओटाही खोलीतच, त्यामुळे फोडणीचा वास गादीत मुरतो. "6 जो" म्हणजे सुमारे 9.7 चौरस मीटर, आपल्या मापात साधारण 105 चौरस फूट. "स्टेशनपासून चालत 10 मिनिटे" म्हणजे 800 मीटर, कारण 80 मीटरला एक मिनिट असा नियम आहे आणि त्यात चढ व सिग्नल धरलेले नसतात. आणि बांधकामाचे वर्ष: जून 1981 पासून भूकंपरोधक बांधकामाचे नवे निकष लागू झाले, त्यानंतर मंजूर झालेली इमारतच निवडावी. पाचशे-हजार येन वाचवण्यासाठी येथे तडजोड करू नये.

गॅस कोणता आहे हा प्रश्न विद्यार्थी कधीच विचारत नाहीत. नळातून येणारा शहरी गॅस (तोशी गासु) आणि सिलिंडरचा प्रोपेन यांच्या बिलात मोठा फरक असतो. भाडे 3,000 येनने कमी असलेली प्रोपेनची खोली हिवाळ्यात रोज गरम पाण्याने अंघोळ करणाऱ्याला महाग पडू शकते.

तोक्योत एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. डाळी, पीठ, मसाले मिळतात आणि मराठी कानावर पडते. पुण्याहून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले होते. पालकांना हा भाग सुरक्षित वाटतो, ते बरोबरही आहे. पण तुमची शाळा शहराच्या पश्चिमेला असेल तर रोजचा प्रवासच दमवून टाकेल. शिवाय या वॉर्डाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे, म्हणून खोली पाहताना पुराचा नकाशा पाहावा आणि वरचा मजला घ्यावा. ऑगस्ट 2020 पासून करारापूर्वी पुराच्या नकाशावर इमारतीचे स्थान दाखवणे एजंटला बंधनकारक आहे.

तपासा: खोली प्रत्यक्ष पाहताना सकाळी ऊन येते का, न्हाणीघरात बुरशी आहे का, फोनला संकेत मिळतो का, धुलाई यंत्राची जागा आत आहे की बाहेर, आणि रात्री नऊनंतर रस्ता कसा दिसतो? शक्य तर त्या रस्त्याने एकदा रात्री चालून पाहावे.

## टप्पा 6: अर्ज, हमी आणि करार

अर्ज केल्यावर हमी कंपनी तुमची छाननी (शिन्सा) करते. निवास कार्ड, विद्यार्थी ओळखपत्र, शिलकीचा किंवा घरून येणाऱ्या पैशांचा पुरावा आणि जपानमधला आपत्कालीन संपर्क लागतो. हमी कंपनीचा फोन येतो, तो उचलावा. अनोळखी क्रमांक म्हणून तोडला तर अर्ज तेथेच थांबतो. "परदेशी भाडेकरू नको" असे उत्तर तोंडावर मिळणे अजूनही घडते. ते अन्यायाचे आहे आणि मनाला लागते. त्याच एजंटशी वाद घालण्यात आठवडा घालवण्यापेक्षा विद्यापीठाशी करार असलेल्या किंवा परदेशी विद्यार्थ्यांना घरे देणाऱ्या एजंटकडे जावे. काही विद्यापीठे विशेष विमा काढल्यास स्वतः हमीदार होतात. हे आधी विचारावे.

सहीपूर्वी परवानाधारक व्यक्तीने आपले ओळखपत्र दाखवून "महत्त्वाच्या बाबी" (ज्यूयो जिको सेत्सुमेई) समजावून सांगणे कायद्याने आवश्यक आहे. जपानी भाषेच्या परीक्षेत एन-फोर किंवा एन-थ्री पातळी उत्तीर्ण झालेल्यालाही ही भाषा पेलत नाही. मसुदा एक दिवस आधी मागून घ्यावा, भाषा जाणणाऱ्या माणसाला सोबत न्यावे आणि पुढच्या कलमांवर बोट ठेवून विचारावे: नूतनीकरण शुल्क (कोशिनर्यो) किती आणि किती वर्षांनी, मुदतीपूर्वी घर सोडल्यास दंड आहे का, सोडण्याची सूचना एक महिना आधी की दोन, साफसफाईची रक्कम आधीच ठरलेली आहे का.

सावधान: "शिकिकिन शून्य, रेइकिन शून्य" अशा जाहिरातींत फसवणूक असतेच असे नाही, पण वर्षाच्या आत सोडल्यास एक-दोन महिन्यांच्या भाड्याचा दंड आणि सोडताना ठरावीक साफसफाई शुल्क बहुधा असते. दोन वर्षांची एकूण रक्कम काढून मगच तुलना करावी.

आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची सवय येथे सोडावी लागते. साधा करार दोन वर्षांचा असतो, आणि भाडे पुढच्या महिन्याचे चालू महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचे असते.

## टप्पा 7: ताबा घेण्याचा दिवस

वीज आणि पाणी ऑनलाइन अर्जाने सुरू होते. गॅस सुरू करताना मात्र कर्मचारी घरी येतो आणि तुम्ही हजर असावे लागते. वेळ आठवडाभर आधी ठरवावी. माझी स्वतःच्या खोलीतली पहिली रात्र मार्चमधली होती. गॅसची वेळ तिसऱ्या दिवशीची मिळाली होती, त्यामुळे नळाला बर्फासारखे पाणी. बटण दाबले तर प्रकाश नाही. वर पाहिले तेव्हा छतावर दिव्याऐवजी फक्त एक गोल पांढरी खोबण होती. पडदे नव्हते, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात सामान उघडले. दिवा, पडदा आणि अंथरूण या तीन वस्तू ताब्याच्या आदल्या दिवशी विकत घेतलेल्या असाव्यात, एवढे त्या रात्रीवरून सांगतो.

सामान आत नेण्यापूर्वी रिकाम्या खोलीची छायाचित्रे काढावीत: जमिनीवरचे ओरखडे, भिंतीवरचे डाग, खिळ्यांची छिद्रे, न्हाणीघराचे कोपरे, वातानुकूलन यंत्राची जाळी. तारखेसह एजंटला ईमेल करावीत. एजंटने तपासणीचा कागद दिला असेल तर तो भरून मुदतीत परत करावा.

केराचे वेळापत्रक त्याच दिवशी वॉर्डाच्या संकेतस्थळावरून घ्यावे. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या यांचे दिवस वेगळे असतात. नागोया, क्योतो, फुकुओका येथे ठरलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, तोक्योच्या 23 वॉर्डांत घरगुती केराला तशी पिशवी लागत नाही. फुकुओकात केर रात्री उचलतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचना चिकटवून तशीच दारापाशी राहते आणि शेजाऱ्यांशी पहिली ओळख त्या पिशवीमुळे होते.

तपासा: घर बदलल्याचा पत्ता पुन्हा 14 दिवसांत नोंदवला का? शाळा, बँक आणि कामाच्या ठिकाणी कळवले का?

## टप्पा 8: दर महिन्याचा खर्च आटोक्यात ठेवणे

भाडे ठरल्यावर हातात राहणारा सर्वात मोठा आकडा जेवणाचा. तांदूळ आता स्वस्त राहिलेला नाही. 2025 मध्ये 5 किलोच्या पिशवीची सरासरी किंमत 4,000 येनच्या वर गेली होती. रोज स्वयंपाक करणारा महिना 25,000 ते 35,000 येनमध्ये भागवू शकतो, रोज सुविधा दुकानातून खाणारा नाही. विद्यापीठाच्या भोजनालयात (गाकुशोकु) दुपारचे जेवण 400 ते 600 येनमध्ये होते. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी उशिरा तयार पदार्थांवर निम्म्या किमतीची पट्टी लावतात. डाळी, बेसन, मोहरी-जिरे तोक्योत शिन-ओकुबोच्या दुकानांतून घेऊन साठवावे, पण कुकर भारतातूनच न्यावा.

प्रवासाचा विद्यार्थी पास (त्सुगाकु तेइकी) विद्यापीठात नियमित शिकणाऱ्याला मिळतो. संशोधन विद्यार्थी आणि बऱ्याच भाषाशाळांचे विद्यार्थी यांना तो मिळत नाही. म्हणून "भाडे कमी, पण दोन गाड्या बदलून एक तास" असे घर घेण्यापूर्वी पूर्ण दराचा मासिक पास हिशेबात धरावा.

अर्धवेळ कामाला आठवड्याला 28 तासांची मर्यादा आहे आणि शाळेच्या दीर्घ सुट्टीत दिवसाला 8 तासांची. हे 28 तास सगळ्या नोकऱ्यांचे मिळून, आणि कोणत्याही दिवसापासून मोजलेल्या सात दिवसांत. "दुसऱ्या मालकाला कळत नाही" हा सल्ला देणारे खूप भेटतात. व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी कराच्या कागदांवरून एकूण उत्पन्न दिसते. ऑक्टोबर 2025 पासून तोक्योचे किमान वेतन तासाला 1,226 येन आहे. आठवड्याला 20 तास काम केले तरी महिन्याला 1,05,000 येनच्या आसपास होतात. त्यातून जेवण आणि भाडे निघेल. शिक्षणशुल्क यातून काढण्याची योजना आखू नये, कारण ती योजना उपस्थितीवर येते आणि उपस्थिती व्हिसावर.

## टप्पा 9: घर सोडताना

लेखी सूचना करारात दिल्याप्रमाणे एक किंवा दोन महिने आधी द्यावी. 10 मार्चला एक महिन्याची सूचना दिली तर भाडे 9 एप्रिलपर्यंत भरावे लागते, तुम्ही 20 मार्चला विमानात बसलात तरीही. मोठा केर (सोदाइ गोमी) उचलण्याची वेळ मार्चमध्ये तीन आठवडे आधीच भरते. फ्रिज, धुलाई यंत्र, टीव्ही आणि वातानुकूलन यंत्र यांच्या विल्हेवाटीचे शुल्क वेगळे असते. ती मागे ठेवून जाऊ नयेत, शिकिकिनमधून त्याहून जास्त कापले जाते. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला देणे सर्वात चांगले.

तपासणीच्या वेळी (ताचिआइ) हजर राहावे आणि ताब्याच्या दिवशीची छायाचित्रे सोबत ठेवावीत. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या नागरी कायद्यातील दुरुस्तीनुसार रोजच्या वापराने झालेली झीज, उन्हाने उडालेला भिंतीचा रंग, फर्निचरच्या वजनाने जमिनीवर उठलेले वळ यांचा खर्च भाडेकरूचा नाही. तुमच्या हातून पडलेले भोक किंवा न पुसल्याने वाढलेली बुरशी मात्र तुमची. आकारणीच्या कागदावर पटत नसेल तर तेथल्या तेथे सही करू नये. "घरी नेऊन पाहतो" म्हणावे आणि शाळेच्या कार्यालयाला किंवा शहराच्या ग्राहक सल्ला केंद्राला दाखवावे.

शेवटच्या आठवड्याचा क्रम असा ठेवावा: वॉर्ड कार्यालयात स्थलांतराची नोंद, आरोग्य विम्याचा हिशेब, वीज-पाणी-गॅस बंद, फोन, आणि बँक खाते सर्वात शेवटी. शिकिकिन बहुधा घर सोडल्यानंतर महिनाभराने जमा होते. तोवर खाते बंद झाले तर ते पैसे परदेशात मागवणे कठीण होते. भारतात कायमचे परतणार असाल तर ते भारतातील खात्यावर पाठवता येईल का, हे सूचना देतानाच एजंटला लेखी विचारावे. निवास कार्ड विमानतळावर परत करायचे असते, त्याची दोन्ही बाजूंची छायाप्रत आधी काढून ठेवावी.